सातवं बटण

मंगळवार, २० जानेवारी २०२६

दहा तारखेच्या पानावर लिहिलंय — "अंगठा घसरला." ते चूक आहे. चूक नाही, खोटं आहे.

सातवं बटण अंगठ्याखाली येतच नाही. मधल्या बोटाखाली येतं. मी टायपिंग शिकवते. कुठलं बोट कुठं पडतं हे मला झोपेतही कळतं. दहा दिवस ते वाक्य माझ्याच अक्षरात माझ्याकडे बघतंय. खोडणार नाही. आमच्या इन्स्टिट्यूटचा टाईपरायटर मशीनच्या काळापासूनचा नियम आहे — चुकलं तर खाडाखोड नाही, पुढच्या ओळीत शुद्ध लिहायचं. तर शुद्ध लिहिते.

शुक्रवार, ९ जानेवारी. दुपारी तीन चाळीस. दीडला सुटणारी बॅच गेलेली, चारची यायची होती. इन्स्टिट्यूटमध्ये मी एकटी, सहा नंबरच्या कॉम्प्युटरवर खेळत होते. पाच विरुद्ध पाच. शिवराज माझ्या टीममध्ये. नेहमीसारखे आम्ही दोघं मागच्या गल्लीत, बाकीचे तिघं पुढं. दोन डावांच्या मधे अकरा सेकंद मिळतात. त्या अकरा सेकंदांत शिवराजनं लिहिलं —

"उद्या पहाटे घर सोडून जायचं ठरवलंय. गेममधलं नाही, खरंच. जाऊ का? तू सांग."

मी ते वाचलं. पूर्ण वाचलं. "गेममधलं नाही, खरंच" हेही वाचलं.

उत्तर टाईप करायचं तर मोठा की-बोर्ड पुढं ओढायला हवा होता. तो मी मॉनिटरच्या मागं उभा करून ठेवते, कारण डाव्या हाताखाली गेमचा की-पॅड असतो. की-पॅडवर अक्षरं नसतात. वीस बटणं आणि अंगठ्याला एक गोल दांडी, बस. एकेका बटणात मी आधीच एकेक वाक्य भरून ठेवलेलं. अकरातले सात सेकंद गेले होते. एक डाव मारला की मॅच आमची होती. मी मधलं बोट खाली नेलं आणि सातवं बटण दाबलं.

"हो पुढं. मागं मी आहे."

त्यानं लिहिलं, "बरं."

आम्ही तो डाव जिंकलो. मला आनंद झाला होता. हेही लिहायला हवं.

त्या दिवसापासून शिवराजच्या नावापुढचा, तो खेळायला आला की लागणारा हिरवा ठिपका लागलेला नाही. संक्रांतीतल्या गड्ड्याच्या यात्रेत इन्स्टिट्यूट बंद होती, म्हणून दिसला नसेल असं स्वतःला समजावत होते. यात्रा संपली. पाळणे उतरवले. ठिपका नाही.

बुधवार, २१ जानेवारी

नाही. दीड ते चार बघत बसले. खेळले नाही.

गुरुवार, २२ जानेवारी

पहिल्यापासून क्रमानं लिहिलं तर नेमकं कुठं चुकलं ते सापडेल.

गेल्या उन्हाळ्यात इन्स्टिट्यूटचे मालक महादेवप्पा सरांनी सगळ्या बॅचसमोर विचारलं, "सहा नंबरच्या की-बोर्डावरची चार अक्षरं कुणी खाल्ली? उंदीर लागले की काय?" मुलं हसली. मी नाही. त्या चार कीवर बोटं ठेवूनच गेममध्ये चालायचं असतं. अक्षरं पुसून पार गुळगुळीत झाली होती, आणि दुपारी तिथं कोण बसतं हे सरांना माहीत होतं. मुलं गेल्यावर हळूच म्हणाले, "खेळा की. मी नको म्हणत नाही. पण परीक्षेच्या पोरांचा की-बोर्ड झिजवू नका, मॅडम."

मग कन्ना चौकाजवळ एक सायबर कॅफे बंद होत होता, तिथून हा जुना की-पॅड आणला. नेमबाजीच्या गेमसाठीच करतात तो. तळहात टेकवायचा, चार बोटांखाली बटणांच्या ओळी, अंगठ्याखाली चालायची दांडी. उजवा हात माऊसवर, नेम धरायला.

आवाज मी पहिल्याच आठवड्यात बंद केला होता. एकदा माईकवर फक्त "थांबा" म्हणाले, तर चौघांनी जे सुरू केलं ते इथं लिहिणार नाही. मग मावसभावाचं नाव घेतलं — दिपक. सगळ्यांचे आवाज बंद, माझाही बंद. जे बोलायचं ते बटणांतून. सहावं — "थांब." सातवं — "हो पुढं. मागं मी आहे." आठवं — "गोळ्या संपल्या." बटण दाबून धरलं तर तेच वाक्य पुन्हा पुन्हा जाईल असं लावलं. घाईत पहिल्यांदा कुणी वाचत नाही म्हणून.

शिवराज भेटला तो यामुळेच. दहाजणांत तोही मुका. त्याच्याकडेही असाच की-पॅड. मी माझ्या बटणांची फाईल त्याला पाठवली. तेव्हापासून आमची बटणं एक, वाक्यं एक. पहिलं बटण — बोलावणं आलं की स्वीकारायचं. विसावं, अगदी खालचं — बोलायचं. दाबून धरलं तोवर माईक चालू, सोडलं की बंद. ते आम्ही दोघांनी कधीच दाबलं नाही.

पाच महिने रोज दुपारी तो माझ्याकडे पाठ करून पुढं जायचा. एकदाही वळून बघितलं नाही. मी मागं आहे म्हटलं की मी मागं असायचेच.

मला तो आवडायला लागला होता. हे आधीच्या कुठल्याच पानावर नाही. आता आहे.

शनिवार, २४ जानेवारी

ठिपका लागला! दोन वाजून बारा मिनिटं.

सरावाच्या खोलीचं बोलावणं पाठवलं — तिथं दोघंच असतात, तिसरा येत नाही. बराच वेळ काही नाही. मग स्वीकारलं गेलं. शिवराजचा गेममधला शिपाई समोर उभा राहिला.

मग तो भिंतीकडे चालायला लागला. भिंत लागली तरी चालतच राहिला. पाय हलतायत, माणूस जागीच. मी "थांब" म्हटलं. थांबला नाही. पुन्हा म्हटलं. भिंतीला नाक लावून तो वीस मिनिटं चालत होता. चारची बॅच जिन्यावर आली, मी मॉनिटर बंद केला, तेव्हाही चालत होता.

शिवराज असा चालत नाही. तो शिवराज नव्हता.

सोमवार, २६ जानेवारी

झेंडावंदन करून घरी. जेवताना माझं मधलं बोट ताटाच्या कडेवर आपटत होतं. मला कळलंच नाही.

"काय गं," आई म्हणाली, "कुणाला तार करतेस व्हय?"

पप्पा हसले. "शिकलेल्या माणसाची बोटं पण गप बसत नाहीत बघ."

आमच्या घरात वाचता येणारी मी पहिली. चिठ्ठी, औषधाची बाटली, शाळेतून आलेला आईच्या कामाचा कागद — आई शाळेत खिचडी शिजवते — सगळं माझ्यापुढं येतं. "दीक्षा वाचंल." सहावीत होते तेव्हा पप्पांच्या दवाखान्याच्या कार्डावरची तारीख मी चुकीची वाचली. ते सहा दिवस उशिरा गेले. काही झालं नाही, डॉक्टर रागावले तेवढंच. पप्पा मला एका शब्दानं बोलले नाहीत. बोलायला हवं होतं. तेव्हापासून मला माहीत आहे — मी जे सांगते ते पडताळून बघणारं इथं कुणी नाही.

शिवराजनंही पडताळलं नाही. "बरं" म्हणाला.

मंगळवार, २७ जानेवारी

दोन वाजता ठिपका. आज चालला नाही. आज बोलला.

"हो पुढं. मागं मी आहे. हो पुढं. मागं मी आहे. हो पुढं. मागं मी आहे."

मोजलं. बावीस वेळा. माझंच वाक्य माझ्या अंगावर येत होतं. मी खुर्चीवरून उठले. आतून सरांचा आवाज, "काय झालं हो मॅडम?"

"काही नाही सर. लाईट गेली वाटलं."

लाईट होती.

मग "गोळ्या संपल्या" — चौदा वेळा. मग नववं. मग दहावं. ओळीनं. एक बटण, दाबून धरलेलं, मग थांबायचं, मग पुढचं. एकाच बोटानं. सगळी बोटं वापरणारा हात असा नसतो.

आणि मला तो हात ओळखू आला!

दिवाळीत मी आईला इन्स्टिट्यूटमध्ये आणलं होतं. म्हटलं, स्वतःचं नाव टाईप कर. भीमाबाई. तिनं "भ" दाबला आणि सोडलाच नाही. स्क्रीनभर भभभभभ. "अगं सोड की आई!" तर म्हणते, "सोडलं तर पुसंल की!" लिहिता न येणारं माणूस बटण सोडत नाही. त्याला वाटतं, आपण धरलंय तोवरच ते आहे.

तिकडं कुणीतरी बसलंय. वाचता न येणारं. शिवराजची बटणं एकेक करून दाबत, कुठल्या बटणाला कोण ओ देतंय ते बघत.

बुधवार, २८ जानेवारी

पुन्हा ओळीनं. एकोणीसपर्यंत आली. मग शिवराजच्या नावापुढं छोटा माईक पेटला.

पाच महिन्यांत पहिल्यांदा. विझला. पेटला. विसावं बटण.

कुणीतरी बोलत होतं, आणि मी सगळे आवाज बंद करून बसलेली. हेडफोन चढवला. आवाज चालू करायला माऊस तिथपर्यंत नेला — आणि परत आणला. चार वाजेपर्यंत माईक पेटत होता, विझत होता. मी बघत होते.

भित्री.

शुक्रवार, ३० जानेवारी

आवाज चालू केला.

आधी मोटर. पाण्याची मोटर, एकसुरी, लांबून. एक कोंबडी. मग एक बाई. बटण धरेल तेवढं ऐकू यायचं, सुटलं की तुटायचं.

"…हाय का कुनी तितं? येतुय का आवाज…"

"…शिवराज पुन्याला हाय कामाला. त्यो न्हवं. मी त्याची आई. दगडाबाई. टेंबुर्नीच्या पल्याड, धरनाच्या पान्याकडंला आमची केळी हायती…"

"…शिवराजचं ह्ये सगळं हितंच ठेवून गेला त्यो. दुपारची संस्कृती खेळायची. माझी लेक. मी शेजारी शेंगा फोडत बसायची. टुंग टुंग वाजलं की ती हसायची…"

मी हेडफोन दोन्ही हातांनी दाबून धरला.

शिवराज मुलगी होती. माझ्यासारखीच भावाच्या नावाआड बसलेली. माझ्यासारखीच मुकी.

"…ईस दिस झालं बाई तिला जाऊन. पान्यात गेली म्हनत्यात. कोळ्यांनी तीन दिस जाळी टाकली. न्हाय घावली…"

बाई म्हणजे कोण? मी बोललेच नव्हते. पलीकडं जे कुणी ऐकत असेल त्याला ती "बाई" म्हणत होती, आपली सवय म्हणून.

मी सहावं बटण दाबलं. "थांब." तिला वाचता येणार नव्हतं, पण टुंग असा आवाज गेला असणार.

"हायेस!" ती ओरडलीच. "हायेस तू! मला ठावं व्हतं."

मग मोटर बंद पडली. एकदम शांत झालं. "मालक आलं केळीतनं," ती घाईनं म्हणाली. ठिपका गेला.

शनिवार, ३१ जानेवारी

पाण्यात गेली म्हणतात.

"मागं मी आहे." मी मागं नव्हतेच. त्या पहाटे मी घरी झोपले होते.

रविवार, १ फेब्रुवारी

आईबरोबर रिक्षानं येताना कंबर तलाव लागला. डोळे मिटून घेतले. "गाडी लागली व्हय?" आईनं विचारलं. हो म्हणाले. आणखी एक खोटं.

सोमवार, २ फेब्रुवारी

विसावं बटण दाबलं. धरून ठेवलं.

"मी दीक्षा बोलतेय. सोलापूरहून."

तिकडं माईक पेटला. मग —

"अगं बया! पोरगी हायेस व्हय तू?"

"हो."

"आनी ती मला सांगायची, दिपक हाय, लई भारी हाय, माज्या मागं असतुय. मी म्हनलं झालं, पोरीचं काय तरी लफडं हाय! त्या दिपकला मी इतक्या शिव्या घातल्यात बाई… तुला ठसका लागला असंल की!"

मला हसू आलं. तिलाही.

"कुनाची गं तू?"

हा प्रश्न मला लहानपणापासून माहीत आहे. आडनाव सांगितलं की पाणी कुठल्या भांड्यातून येणार ते ठरतं. मी म्हणाले, "टायपिंग शिकवते मी, मावशी." तिनं पुन्हा विचारलं नाही.

मग ती सांगत गेली. मोटर चालू आहे तोवरच बोलता येतं. बंद झाली की मालक, म्हणजे तिचा नवरा, घराकडं येतात. संस्कृती एकोणीस वर्षांची. बारावी झाली. तिला नर्सिंगला जायचं होतं. लग्न ठरलं, या महिन्यातलंच. "मीच म्हनलं तिला — सुपारी फुटली, आता गप बस. मीच म्हनलं." दहा तारखेला पहाटे ती घरात नव्हती. मोटरीपाशी, पाण्याच्या कडेला, चपला सापडल्या.

"त्या जुन्या चपला हायत, बाई. आंगठा तुटलेल्या. नव्या घरात न्हाईत. बुडायला कोन नव्या चपला घालून जातं? मी सांगितलं तर म्हनले, बाईचं डोकं फिरलंय. शिवराज येऊन रडून गेला, त्याला बी पटंना. चुलता तर म्हनतुय, बुडाली ती बरीच. पळाली असती तर मीच बुडवली असती."

येत्या रविवारी तिचे दिवस घालायचे ठरलेत. देह मिळाला नाही म्हणून गवताची बाहुली करून, तिला साडी नेसवून, पाण्याकाठी अग्नी द्यायचा. आमच्यात असलं काही नसतं. मी पहिल्यांदाच ऐकलं.

"गवताची बाई जाळनार म्हनं, संस्कृती म्हनून. साडी मागाय लागल्यात माझ्याकडं तिची. मी देईना. एकदा जाळली की ती मेलीच की गं सगळ्यांला. परत दारात आली तरी मेल्यालीच."

आणि मग —

"मला येवढंच सांग. टुंग टुंग करून तुज्यासंगं बोलायची ती. तुला काय म्हनली व्हती का? जाते म्हनली का मरते म्हनली?"

माझं बोट सहाव्यावर गेलं. "थांब." पुन्हा! वीस बटणांत तिच्या प्रश्नाचं उत्तर नव्हतं, तरी मी बटणच दाबलं.

"टुंग करू नगं," दगडाबाई म्हणाली. "तोंडानं बोल."

मोटर बंद पडली.

मंगळवार, ३ फेब्रुवारी

आज की-पॅड काढून कपाटात ठेवला. बोटांना सवयीचं काही सापडू नये म्हणून. मोठा की-बोर्ड पुढं घेतला, माईकची की त्याच्यावर लावली.

ठिपका लागला तशी एका दमात सांगितलं. तिनं काय लिहिलं. मी पूर्ण वाचलं. मी जा म्हणाले. डाव जिंकायचा होता म्हणून म्हणाले. बोट घसरलं नव्हतं.

मोटर चालू होती. तिचा माईक पेटलेला. बटण धरून बसली होती. मला वाटलं, आता शिव्या देईल. द्याव्यात असं वाटत होतं.

"जाते म्हनली," ती म्हणाली.

"हो."

"मरते न्हाय म्हनली."

"नाही, मावशी."

"तू नीट वाचलंस?"

"नीट वाचलं."

"पुन्यांदा सांग. ती म्हनली तसं सांग."

मी सांगितलं. शब्दाला शब्द. उद्या पहाटे घर सोडून जायचं ठरवलंय. गेममधलं नाही, खरंच. जाऊ का? तू सांग. तिनं पुन्हा सांगायला लावलं. पाच वेळा. पाचव्यांदा ती माझ्याबरोबर म्हणत होती, पाढा म्हणावा तशी.

मोटर थांबली. ती "बरं" म्हणाली. अगदी तिच्या लेकीसारखं. बरं.

बुधवार, ४ फेब्रुवारी

आज ठिपका नव्हता. विचार करायला वेळ मिळाला.

ठरलं. शनिवारी, सात तारखेला जायचं. आधी पोलिसांत, मग त्यांच्या घरी. तिच्या वडिलांपुढं, चुलत्यापुढं, सगळ्यांपुढं तो मेसेज वाचून दाखवायचा. रविवारचं थांबेल. तिला शोधायला सुरुवात होईल. मावशीला साडी द्यावी लागणार नाही.

पुरावा म्हणजे फक्त ही वही. गेममधलं लिखाण मॅच संपली की जातं. आणि वहीत दहा तारखेला एक लिहिलंय, वीसला दुसरं. "बाई, यातलं खरं कुठलं?" असं विचारतील. सांगेन. दोन्ही पानं दाखवेन.

सरांना सुट्टी मागितली. "घरी सगळं बरं आहे ना?" विचारलं. हो म्हणाले. ते खरं होतं.

एक गोष्ट मावशीला सांगितलेली नाही. जाते म्हणणारं माणूस पाण्याकडेही जाऊ शकतं. नव्या चपला घालून बुडता येतं. आज फळ्यावर धडा लिहून देताना मध्येच भिंतीला नाक लावून चालणारा तो शिपाई दिसला आणि खडू मोडला.

पप्पांची तारीख चुकीची वाचली तेव्हा कुणी मला अडवलं नाही. ही तारीख मी अडवणार.

गुरुवार, ५ फेब्रुवारी

मावशीला शनिवारचं सांगितलं. मोटर चालू होती तरी ती कुजबुजत बोलली.

"शनवारी येऊ नगं. पोलीस बी नगं. हुडकून आनून कुनाच्या हातात देनार हायेस तिला? चुलत्याच्या? साडी दिली मी काढून. जाळू दे गवताची बाई. एकदा जाळली की तिच्या मागं कुनी जानार न्हाय."

"पण मावशी, ते खोटं आहे."

"व्हय," ती म्हणाली. "पर माझी एकच अडचन हाय. परवापासनं मला रडूच येईना झालंय. शेंगा फोडताना गानं म्हनत व्हते, जावंनं बघितलं. आयतवारी तर सगळा गाव बघंल. तू ये. शाळंतली मैतरीन म्हनून माझ्या शेजारी बस. तू रडलीस मंजी मला बी जमंल."

मी हो म्हणाले. तोंडानं.

तिला खात्री आहे. मला नाही. मला रडू येईल.

रविवार, ८ फेब्रुवारी. सकाळी सव्वासहाची टेंभुर्णी गाडी.